कोंबडीच्या पिसांपासून सरस आणि फळ्या : पार्श्वभूमी

इंदूरमध्ये कचऱ्याचा विषय निघाला की गप्पा स्वच्छ सर्वेक्षणातल्या पहिल्या नंबराकडे वळतात. पण हे नातं फार जुनं आहे. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'त काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करायची रीत बसवली. तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. या कामात त्यांना यशवंत वाड यांची मोलाची साथ होती. हे नाव आपल्याच मराठी घरांत फारसं ऐकू येत नाही, याचं वाईट वाटतं.

पिसं मात्र या ढिगात सहजी कुजत नाहीत. चिकनच्या दुकानात रबरी बोटांच्या ड्रममध्ये कोंबडीची पिसं उपटली जातात, तेव्हा खाली ओल्या पिसांचा लगदा साचतो. पिसात सुमारे ९० टक्के केराटिन असतं, म्हणजे आपल्या नखाकेसांतल्या प्रथिनाचंच भावंड. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. म्हणून ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातही पचत नाही.

पूर्वी यावर मुख्य उपाय होता : दाबाखालच्या वाफेत शिजवायचं, भुकटी करायची आणि जनावरांच्या खाद्यात किंवा खतात घालायची. खाद्यातून गुरांत पसरलेल्या मॅड काऊ या मेंदूच्या रोगामुळे युरोपने २००१ पासून पाळीव जनावरांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांवर बंदी घातली आणि हा रस्ता तिथे अरुंद झाला. त्याआधीच, नव्वदच्या दशकात, अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात वॉल्टर श्मिट आणि सहकाऱ्यांनी पिसाची दांडी आणि तंतू वेगळे करायची पद्धत काढली. तिचं पेटंट १९९८चं. तंतू पोकळ, म्हणून हलका. डेलावेअर विद्यापीठात रिचर्ड वूल यांनी तो सोयातेलाच्या रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) मिसळून सर्किट बोर्डासाठी, म्हणजे विजेच्या उपकरणांतल्या पाटीसाठी, संमिश्र फळी बनवली, कारण तंतूंत कोंडलेली हवा विजेच्या संकेतांना कमी अडवते.

सरसाची गोष्ट वेगळी. कातडी-हाडांचा सरस सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत प्लायवुडला सोयापिठाचा डिंक लागला, पण दुसऱ्या महायुद्धानंतर फॉर्माल्डिहाइड या उग्र वासाच्या रसायनापासून केलेल्या स्वस्त रेझिनांनी तो मागे सारला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरवलं आणि प्रथिनांच्या डिंकाकडे पुन्हा लक्ष गेलं. केराटिनचे बंध रसायनाने सैल करता येतात हे गोडार्ड आणि मायकेलिस या शास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकातच दाखवलं होतं. खरं कसब प्रमाणात आहे : बंध कमी सुटले तर पीस विरघळत नाही, आणि साखळ्या फार तुटल्या तर डिंक धरत नाही. शिवाय सोयाडिंक ओलाव्यात ढिला पडतो, तर पिसाच्या केराटिनमध्ये पाणी झटकणारे घटक भरपूर असतात. दोघांची जोडी आजमावण्यासारखी आहे.

आणि ती इंदूरमध्येच आजमावावी, असं मला मनापासून वाटतं. माळव्याचा सोयाबीन, इथलीच सोयाबीन संशोधन संस्था, जवळ महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय : सगळं हाताशी आहे. अडचण गोळा करण्याची आहे. पीस टिकतं, पण त्याला लागलेलं रक्त-मांस काही तासांत सडतं. २०२०च्या अखेरीस शहरात कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून धुणं आणि तापवून निर्जंतुक करणं किती गरजेचं आहे ते वेगळं सांगायला नको. दुकानदाराने आतडी आणि पिसं वेगवेगळ्या पिंपांत ठेवली आणि गाडी त्याच दिवशी आली, तरच पुढच्या प्रयोगाला कच्चा माल मिळेल.