घरगुती फ्यूजपेटी (बेळगाव सीमाभाग)

मीटरमधून आलेली वीज घरातल्या वेगवेगळ्या सर्किटांत वाटणारी आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो आपोआप तोडणारी पेटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील जुन्या कौलारू घरांत सोप्यातच, मेन स्विचशेजारी लाकडी फळीवर चिनी मातीचे ‘किटकॅट’ फ्यूज दिसतात. नव्या बांधकामांत एमसीबीचा (प्रवाह वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) डीबी, म्हणजे वितरण पेटी असते.

किटकॅटमध्ये कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची बारीक तार दोन स्क्रूंना आवळलेली असते. दिवे-पंख्यांच्या ५ अँपिअर सर्किटाला साधारण ०.२ मिलिमीटर, १५ अँपिअरच्या पॉवर पॉइंटला ०.५ मिलिमीटर जाडीची. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उष्णता चौपट निर्माण होते, आणि भिंतीतली वायर तापण्याआधी ही तार वितळते. फ्यूज उडाला म्हणून हाताला लागेल ती जाड तार पिळून घालण्याची सवय सर्रास आहे, ती घातक आहे. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वाशांवरच्या बॅटनपट्टीतली वायर जळते. तिथून आग लाकडाला लागायला वेळ लागत नाही.

पण फ्यूज राखतो वायरला, माणसाला नव्हे. शरीरातून ५० ते १०० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. गिझरच्या बॉडीला करंट आला तर फ्यूज उडायला अर्थिंग (बॉडीतला करंट जमिनीत नेणारी जोडणी) चांगले हवे. खानापूरकडच्या जांभ्या जमिनीतली ओल उन्हाळ्यात आटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तो २० ओहम धरला तर २३० व्होल्टला जेमतेम ११.५ अँपिअर वाहतात. १५ अँपिअरचा फ्यूज तसाच राहतो, बॉडीतला करंटही. म्हणूनच अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात, एप्रिल-मेमध्ये पाणी ओततात. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच (वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात). फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो.

कणकुंबी, जांबोटीच्या पावसात भिंती ओलावल्या की आरसीसीबी वरचेवर ट्रिप होतो. वैतागून तो बायपास करू नये. एकेक सर्किट बंद करत गळती शोधावी. ऑगस्ट २०१९ सारखा कृष्णा-दूधगंगेचा पूर घरात शिरला, तर पाणी ओसरल्यावर मेन चालू करण्याआधी बोर्ड उघडून वाळवावेत, वायरमनकडून मेगरने (वायरचे इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) वायरिंग तपासून घ्यावे. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी मात्र वाळवून चालत नाहीत, बदलावेच लागतात.