शून्याखाली शून्य आलं म्हणून पेन खाली ठेवू नका

(क्ष² − ९) / (क्ष − ३) ही राशी घ्या. क्ष ३ च्या जवळ सरकत गेला, तर तिची किंमत कशाजवळ जाते? सरळ ३ ठेवला की अंशात शून्य, छेदातही शून्य. इथे कुणी उत्तर ० लिहितं, कुणी १, कुणी अनंत. तिन्ही चूक, कारण ०/० हे उत्तरच नव्हे. ते अनिर्धार्य रूप आहे, म्हणजे नुसत्या त्यावरून किंमत ठरत नाही.

पण त्यात एक खूण दडलेली असते. क्ष = ३ ठेवल्यावर बहुपदी शून्य होत असेल, तर (क्ष − ३) हा तिचा अवयव असणारच. वरही तोच, खालीही तोच. अंशाचे अवयव पाडा: (क्ष − ३)(क्ष + ३). समान अवयव गेला, क्ष + ३ उरलं. म्हणून सीमा, म्हणजे किंमत ज्याच्याजवळ जाते ती संख्या, ६. पडताळून पाहा: २.९९ ला ५.९९ मिळतात, ३.०१ ला ६.०१.

पण शून्याने भागता येत नसताना हा अवयव छेदलाच कसा? आयरिश तत्त्वज्ञ बर्कलीने १७३४ मध्ये कलनावर (कॅल्क्युलसवर) नेमका असाच आक्षेप घेतला होता: आधी राशी शून्य नाही म्हणून भागता आणि मग तीच शून्य धरता, हे कसं? आक्षेप रास्त होता. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये कलनाची मांडणी सीमेच्या पायावर केली, तेव्हा त्या आक्षेपाला उत्तर मिळू लागलं. सीमा काढताना क्ष ३ च्या हवा तितका जवळ येतो, पण ३ होत नाही. म्हणून (क्ष − ३) कधीच शून्य नसतो आणि भागाकार पूर्णपणे वैध ठरतो. मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

वर्गमूळ आलं की अवयव सहज दिसत नाही. (√(क्ष + ४) − २) / क्ष घ्या आणि क्ष शून्याकडे न्या. आता अंश-छेदाला अनुबद्ध पदाने, म्हणजे √(क्ष + ४) + २ ने गुणा. वर क्ष + ४ − ४, म्हणजे नुसता क्ष उरतो आणि छेदातल्या क्षबरोबर जातो. राहतं १ / (√(क्ष + ४) + २), सीमा १/४.

दहाच अंक धरणाऱ्या कॅल्क्युलेटरवर क्ष = ०.०००००००००१ घेतला, तर मूळ रूपात वर्गमूळ २ च येतं, वजाबाकी शून्य आणि उत्तरही शून्य. बदललेल्या रूपात मात्र ०.२५ मिळतं. वर्गसमीकरणाची मुळं संगणकावर काढताना, दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी टाळायला हेच रूपांतर वापरतात.