मोतीबिंदू: भिंग म्हातारं का होतं आणि बदलीच्या लेन्सचा नंबर कुठे चुकतो

शरीरातली बहुतेक प्रथिनं सतत मोडत आणि नव्याने घडत असतात. डोळ्यातलं भिंग याला अपवाद आहे. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि माणूस नव्वदीला पोचला तरी तीच राहतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००८ साली हे कार्बन-१४ मोजून दाखवलं. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केलं होतं आणि नंतर ते हळूहळू उतरत गेलं. त्यामुळे प्रत्येक सालच्या हवेवर जणू तारखेचा शिक्का बसला. मृत व्यक्तींच्या भिंगाच्या गाभ्यात या संशोधकांना शिक्का मिळाला तो जन्माच्या आसपासच्या काळाचा.

ही प्रथिनं कधीच बदलत नाहीत, कारण भिंग पारदर्शक राहायला हवं. प्रकाशाच्या वाटेत काही येऊ नये म्हणून भिंगाच्या पेशी परिपक्व होताना आपलं केंद्रक आणि मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) टाकून देतात. रक्तवाहिन्या तर नसतातच. उरतं ते दाटीवाटीने भरलेलं क्रिस्टॅलिन प्रथिन, भिंगाच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश. यातलं अल्फा क्रिस्टॅलिन राखणदारीचं काम करतं. शेजारचं प्रथिन उलगडायला लागलं की ते त्याला धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही. पण राखणदारांचा हा साठाही जन्माबरोबर मिळालेला असतो आणि वापरून संपत जातो. तिकडे अतिनील किरण, ऑक्सिडीकरण, धूम्रपान आणि वाढलेली साखर प्रथिनांचं नुकसान करतच असतात. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर जसा अपारदर्शक होतो, तशाच गुठळ्या इथे बनतात, फक्त त्यासाठी साठ-सत्तर वर्षं लागतात.

गुठळ्या कुठे झाल्या त्यावर तक्रार ठरते. गाभ्याचा मोतीबिंदू सगळ्यांत जास्त आढळतो. गाभा पिवळट, मग तपकिरी आणि कडक होतो, प्रकाश जास्त वाकवायला लागतो आणि डोळ्याला उणे नंबर येतो. म्हणूनच एखाद्या आजोबांना अचानक बिनचष्म्याचा पेपर वाचता येऊ लागतो आणि घरचे म्हणतात, नजर सुधारली. प्रत्यक्षात तो मोतीबिंदू वाढल्याचा पुरावा असतो. भिंगाच्या मागच्या आवरणालगत डाग पडला तर उन्हात आणि समोरच्या गाडीच्या दिव्यात काहीच दिसेनासं होतं. हा प्रकार स्टिरॉइड औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि मधुमेहींत तरुणपणीही येतो.

डोळ्यात थेंब घालून मोतीबिंदू विरघळवण्याच्या जाहिराती अधूनमधून येतात. त्यांना बळ मिळालं ते २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधामुळे. लॅनोस्टेरॉल या रेणूने प्रयोगशाळेत गुठळ्या सुटल्या आणि कुत्र्यांच्या डोळ्यातली धूसरता कमी झाली, असं त्यात म्हटलं होतं. नंतर माणसांच्या डोळ्यातून काढलेले मोतीबिंदूचे गाभे लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात ठेवून पाहिले गेले. काही फरक पडला नाही. संशोधन चालू आहे आणि चालू राहायला हवं, पण आज तरी एकही थेंब मोतीबिंदू घालवत नाही. अशा थेंबांवर वर्षं घालवणाऱ्याचा गाभा दगडासारखा होतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

म्हणून भिंग दुरुस्त न करता बदलायचं. ही कल्पना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले सर्जन हॅरल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात जखमी वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे, तुकडे शिरले होते. त्या तुकड्यांना डोळा फारशी प्रतिक्रिया देत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच प्लॅस्टिकची लेन्स एका रुग्णाच्या डोळ्यात बसवली. लेन्स डोळ्याने स्वीकारली, पण नंबर साफ चुकला. रुग्णाला भलामोठा उणे नंबर आला. लेन्सचा आकार नैसर्गिक भिंगाबरहुकूम ठेवला होता, पण पर्स्पेक्सचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो याचा आकडा) सुमारे १.४९, भिंगाचा १.४ च्या आसपास. तोच बाक, पण प्रकाश कितीतरी जास्त वाकला.

तेव्हापासून आजपर्यंत शस्त्रक्रिया ओळखू येणार नाही इतकी बदलली, पण ‘ऑपरेशन छान झालं, तरी दूरचं दिसत नाही’ या तक्रारीचं एक मोठं कारण अजूनही नंबरच आहे. रुग्ण सर्जन कोण, लेन्स देशी की विदेशी, याची चौकशी करतात. मोजणी कशी झाली हे फार थोडे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

मोजायच्या मुख्य गोष्टी दोन: कॉर्नियापासून (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) रेटिनापर्यंत (मागचा, प्रकाश टिपणारा पडदा) डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता. १९८० च्या सुमाराचं एसआरके सूत्र आज रुग्णांसाठी वापरत नाहीत, पण हिशेब कळायला ते उत्तम आहे: लेन्सची ताकद = ए − (२.५ × लांबी) − (०.९ × वक्रता). ‘ए’ हा त्या लेन्सच्या जातीचा स्थिरांक, साधारण ११८ च्या पुढे. समजा ए ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर, वक्रता ४४ डायॉप्टर (प्रकाश वाकवण्याच्या ताकदीचं एकक). उत्तर येतं २०.०५, म्हणजे २० ची लेन्स. आता लांबी चुकून २३.१ मोजली तर उत्तर २१.०५. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, पण लेन्स एका डायॉप्टरने जड झाली आणि चष्म्यात सुमारे पाऊण नंबरचा उणे दोष आला.

अशी ०.४ मिलिमीटरची चूक कशी होते? जुन्या ए-स्कॅन यंत्रात ध्वनिलहरींची कांडी डोळ्याला टेकवतात. हात किंचित जड पडला की कॉर्निया दबतो आणि डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो. कांडी न टेकवता मधे पाण्याचा थर ठेवून मोजलं तर ही चूक टळते. प्रकाशावर चालणारी बायोमेट्री यंत्रं १९९९ च्या सुमारास आली. ती डोळ्याला स्पर्श करत नाहीत आणि मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत अचूक असतात. पण पांढरा, पूर्ण पिकलेला मोतीबिंदू असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि पुन्हा ध्वनीकडेच वळावं लागतं. रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात सिलिकॉन तेल भरलेलं असेल तर वेगळीच अडचण होते. तेलात ध्वनी बराच सावकाश जातो, त्यामुळे यंत्राला ते सांगितलं नाही तर डोळा खूप लांब दिसतो.

वक्रतेच्या मोजणीतल्या चुका बहुतेक वेळा रुग्णाच्या तयारीशी जोडलेल्या असतात. कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियाचा आकार बदलते. मऊ असेल तर मोजणीआधी किमान आठवडा-दोन आठवडे आणि कडक असेल तर त्याहून जास्त काळ ती बंद ठेवावी लागते. कोरड्या डोळ्यात आकडे दर वेळी वेगळे येतात, म्हणून आधी कोरडेपणावर उपचार करायचे. ही मोजणी भुलीचा थेंब घालण्याआधी आणि डोळ्याला कशाचाही स्पर्श होण्याआधी करायची. साखर फार वरखाली होत असेल तर ती स्थिर होईपर्यंत थांबलेलं बरं. सर्वांत मोठा फसवा प्रकार लेसिक, म्हणजे चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया, झालेल्या डोळ्यांचा. उणे नंबर घालवण्यासाठी कॉर्निया मधोमध सपाट केलेला असतो, पण यंत्राला तो आहे त्याहून जास्त बाकदार वाटतो. मग कमी ताकदीची लेन्स निघते आणि रुग्णाला अधिक (प्लस) नंबर येतो. ज्यांनी पंचविशीत लेसिक करून घेतलं, त्यांनी त्याचे जुने कागद साठीपर्यंत जपावेत.

चांगल्या केंद्रात काही आकडे दिसताच पुन्हा मोजतात: लांबी २२ पेक्षा कमी किंवा २५ पेक्षा जास्त, दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक, वक्रतेत एका डायॉप्टरहून जास्त फरक. एकाच डोळ्याचं ऑपरेशन असलं तरी मोजायचे दोन्ही डोळे, ते यासाठीच.

शस्त्रक्रियेची मुख्य पद्धत फेको. अमेरिकेतले चार्ल्स केल्मन यांना ती दातांच्या डॉक्टरांच्या अल्ट्रासाउंड उपकरणावरून सुचली आणि १९६७ मध्ये त्यांनी ती माणसावर वापरली. कॉर्नियाच्या कडेला साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरची चीर घेतात. आत जेल सोडून जागा उघडी ठेवतात. भिंगाच्या पुढच्या आवरणात सुमारे ५ मिलिमीटरची गोल खिडकी काढतात. भिंग पांढरं असेल तर आवरण दिसत नाही, म्हणून ते ट्रायपॅन ब्लू या निळ्या रंगाने रंगवतात. मग सेकंदाला हजारो वेळा थरथरणारी पोकळ सुई गाभा फोडते आणि ओढून घेते. रिकाम्या आवरणात घडी केलेली, ६ मिलिमीटर व्यासाची लेन्स उलगडते. चिरेच्या कडा सलाइनने फुगवल्या की ती आपोआप बंद होते.

यात बिघडतं कुठे? मागचं आवरण मध्यभागी मिलिमीटरच्या एक सहस्रांशाच्या चार-पाच पट एवढंच जाड असतं. सुईच्या तोंडाशी अडकलेला तुकडा एकदम सुटला की आतलं द्रव झटक्यात ओढलं जातं, आवरण वर येतं आणि सुईला लागून फाटतं. तसं झालं तर तुकडे मागे रेटिनाकडे पडू शकतात. दुसरा धोका कॉर्नियाच्या आतल्या पेशींचा. प्रौढपणी चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच हजार असणाऱ्या या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत. गाभा जितका कडक तितकी ऊर्जा जास्त आणि तितक्या पेशी जास्त मरतात. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू’ हा सल्ला टाक्यांच्या जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आज रोजच्या कामात अडथळा यायला लागला की वेळ झाली. अतिपक्व मोतीबिंदूतून प्रथिनं झिरपून डोळ्याचा दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या पुरुषांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. या औषधाने बुबुळाचा पडदा ढिला पडतो, शस्त्रक्रियेत फडफडतो आणि बाहुली आक्रसते. २००५ मध्ये हे प्रथम नोंदवलं गेलं. गोळी बंद केली तरी परिणाम टिकतो, त्यामुळे ती थांबवण्यापेक्षा सर्जनला माहीत असणं महत्त्वाचं. माहीत असेल तर तो बाहुली उघडी ठेवणारे छोटे हुक तयार ठेवतो.

यंत्राशिवायची पद्धतही आहे. पांढऱ्या भागात ६ ते ७ मिलिमीटरचा बोगदा करून गाभा अखंड बाहेर काढायचा, टाका नाही. फेकोशी या पद्धतीची तुलना करणाऱ्या, पुण्यात ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी चष्म्यासह चांगली दृष्टी दोन्ही गटांत सुमारे ९८ टक्के रुग्णांना मिळाली. बिनचष्म्याने मात्र फेकोच्या गटात ८१ टक्के, तर दुसऱ्या गटात ७१ टक्के. बोगदा मोठा असल्याने कॉर्नियाचा आकार थोडा बदलतो, हा त्यातला फरक. पण खूप कडक गाभ्याला आणि जिथे यंत्राचा खर्च झेपत नाही तिथे ही पद्धत कमी दर्जाची समजणं चूक आहे. १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब ही लेन्स बनवणारी संस्था सुरू झाली आणि देशी लेन्सची किंमत विदेशी लेन्सच्या काही अंशावर आली, त्यानंतर तर साध्या शिबिरातही चष्म्याच्या जाड भिंगांऐवजी डोळ्यात लेन्स मिळू लागली.

लेन्स निवडताना महाग म्हणजे उत्तम असं नसतं. एककेंद्री लेन्स दूरचं स्वच्छ दाखवते, वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री लेन्स प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देते. चष्मा सुटतो, पण रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात आणि उठाव (कॉन्ट्रास्ट) कमी होतो. रात्री गाडी चालवणाऱ्यांना किंवा रेटिनाचा आजार असणाऱ्यांना ती देऊ नये. तिरकस (सिलिंडर) नंबरासाठी टोरिक लेन्स असते, पण ती ठरलेल्या कोनातच बसायला हवी: १ अंश फिरली की सुमारे ३.३ टक्के फायदा जातो, ३० अंश फिरली की सगळाच. झोपल्यावर डोळा स्वतःभोवती किंचित फिरतो, म्हणून कोनाची खूण रुग्णाला बसवून करतात.

संसर्ग दुर्मीळ, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. तो रोखण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय स्वस्त आहे: ५ टक्के पोव्हिडोन आयोडिनचे थेंब, पूर्ण ३ मिनिटं. शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविकाचा छोटा डोस देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत असा डोस न दिलेल्या डोळ्यांत संसर्ग सुमारे पाचपट आढळला. घरी आल्यावर डोळा चोळायचा नाही, नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळापत्रकाप्रमाणे कमी करायचे. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पुढे कधीही चमका, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा बाजूने सरकणारा पडदा दिसला तर रेटिना सुटत असण्याची शक्यता असते, तिथेही थांबायचं नाही.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर तो मोतीबिंदू परत आलेला नसतो. आवरणावर राहिलेल्या पेशी लेन्समागे पसरतात. चौकोनी कडेच्या लेन्सनी हे प्रमाण बरंच कमी केलं आहे. झालंच तर याग लेसरने बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत मधोमध वाट मोकळी करतात. लेन्सचं नाव, ताकद आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड डिस्चार्जच्या कागदांबरोबर मिळतं. ते आणि मोजणीचा छापील अहवाल दुसऱ्या डोळ्याच्या वेळी घेऊन जावा, कारण पहिल्या डोळ्यात प्रत्यक्ष किती नंबर राहिला हे पाहून सर्जन दुसऱ्या डोळ्याची लेन्स जास्त नेमकी निवडू शकतो.