मुक्तीवर एकमत, अधिकारावर नाही: कॅथलिक आणि इतर बायबलनिष्ठ पंथांच्या वादाची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लुथरन चर्चचा जागतिक महासंघ यांच्या प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. विषय एकच होता. पापी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कशामुळे? सोळाव्या शतकात पश्चिम युरोपातले चर्च ज्या प्रश्नावरून दुभंगले, त्याच्या मूलभूत सत्यांविषयी आता आमचे एकमत आहे, असे दोन्ही बाजूंनी लेखी मान्य केले. तरीही दोघांचे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी, आजही एकत्र होत नाही. या मतभेदांची चर्चा बहुतेकदा मरिया, संत आणि पोप यांच्यापासून सुरू होते आणि तिथेच अडकून पडते. माझ्या मते ऑग्सबर्गचा जाहीरनामा बाजूला ठेवून हा इतिहास समजणे शक्य नाही.

त्याआधीची फूट पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चशी झालेली. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, या श्रद्धासूत्रातल्या वाक्यात पश्चिमेने ‘आणि पुत्रापासून’ ही भर घातली. ती भर, आणि रोमच्या बिशपचा, म्हणजे पोपचा, अधिकार किती दूरवर चालतो हा प्रश्न, १०५४ च्या परस्परांवरच्या बहिष्काराच्या मुळाशी होते. ७ डिसेंबर १९६५ रोजी दोन्ही बाजूंनी ते बहिष्कार स्मृतीतून पुसून टाकत असल्याचे जाहीर केले. ऐक्य मात्र झाले नाही. रोमच्या अधिकाराचा तो प्रश्न पुढच्या प्रत्येक वादात पुन्हा समोर येतो.

१५१७ मध्ये विटेनबर्गच्या मार्टिन लुथर या ऑगस्टिनियन भिक्षूने मांडलेले ९५ मुद्दे प्रामुख्याने पापदंडाच्या माफीपत्रांविषयी होते. पोपपद रद्द करा, मरियेचा सन्मान थांबवा, असे त्यांत काही नव्हते. १५३० मध्ये ऑग्सबर्गमध्येच लुथरच्या बाजूने सम्राटापुढे वाचलेल्या श्रद्धानिवेदनात एकूण २८ कलमे होती. आम्ही प्राचीन चर्चच्या शिकवणुकीपासून ढळलेलो नाही, हे पटवून देण्याची त्यातली धडपड आजही वाचताना जाणवते. त्याच्या चौथ्या कलमात मुख्य मुद्दा आला: माणूस स्वतःच्या बळाने, पुण्याने किंवा कृत्यांनी नव्हे, तर ख्रिस्ताखातर, विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो.

याच मुद्द्यावर १५४१ मध्ये रेगेन्सबर्गला दोन्ही बाजूंचे विद्वान चर्चेला बसले आणि मे महिन्याच्या आरंभी त्यांचा चक्क समान मसुदा तयार झाला. देव माणसाला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाच्या आधारे स्वीकारतो आणि त्याच वेळी त्याला आतून पालटतोही, अशी दुहेरी मांडणी त्यांनी केली होती. रोमला ती पटली नाही आणि विटेनबर्गलाही पटली नाही. तिकडे तिला ठिगळे जोडून केलेले काम म्हटले गेले. चर्चा पुढे मोडली ती मात्र नीतिमान ठरण्यावरून नव्हे. भाकर आणि द्राक्षारसाचे नेमके काय होते आणि चर्चच्या परिषदा चुकू शकतात का, या दोन प्रश्नांवर ती मोडली. पुढच्या साडेचारशे वर्षांत वेगळे काही घडले, असे मला दिसत नाही.

त्यानंतर कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मपरिषद भरली. ८ एप्रिल १५४६ रोजी तिने दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेला शास्त्राइतक्याच (बायबलइतक्याच) आदराने स्वीकारायचे, आणि जुन्या करारात तोबीत, यहुदीथ, मक्काबी वगैरे पुस्तके धरायची. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आणि प्रॉटेस्टंट बायबलात ६६ हा फरक तेव्हापासून ठाशीव झाला. त्याचा परिणाम थेट शिकवणुकीवर होतो, कारण मृतांसाठी प्रार्थना करण्याचा सर्वांत स्पष्ट आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ते पुस्तक शास्त्रात धरले नाही, तर शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मरणानंतर आत्म्याच्या शुद्धीच्या, शिकवणुकीचा मोठा आधार जातो.

नीतिमान ठरण्याविषयीचा ठराव १३ जानेवारी १५४७ चा. त्यात १६ प्रकरणे आणि ३३ निषेधकलमे आहेत. दोन्ही बाजूंच्या प्रचारात यातले नववे कलमच पुढे केले जाते: पापी माणूस ‘केवळ विश्वासाने’ नीतिमान ठरतो आणि त्याच्या सहकार्याची काहीच गरज नाही, असे जो म्हणेल त्याचा धिक्कार असो. पहिल्या कलमाकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार त्यात केलेला आहे. आठव्या प्रकरणात तर विश्वास काय किंवा कृत्ये काय, नीतिमान ठरण्याआधीच्या कशाच्याही बळावर ही कृपा कमावता येत नाही असे साफ म्हटले आहे. ‘कॅथलिक लोक कृत्यांनी तारण मिळवू पाहतात’ हे वाक्य कित्येक उपदेशांत ऐकू येते. ते ट्रेंटच्या मूळ मजकुराला धरून नाही, हे इथे ठामपणे सांगायला हवे.

खरा फरक वेगळ्या जागी होता. लुथर आणि इतर सुधारकांच्या मते देव पाप्याला नीतिमान गणतो. ते नीतिमत्त्व ख्रिस्ताचे असते आणि माणसाच्या खाती जमा होते. कॅथलिकांच्या मते देव माणसाला खरोखर नीतिमान करतो, आणि ते नीतिमत्त्व कृपेच्या आधाराने वाढत जाते. शिवाय ट्रेंटच्या ठरावात विश्वास म्हणजे प्रामुख्याने प्रकट झालेले सत्य मान्य करणे. सुधारकांच्या लिखाणात विश्वास म्हणजे स्वतःला संपूर्णपणे ख्रिस्तावर सोपवणे. अशा दोन माणसांपैकी एक ‘विश्वास पुरेसा आहे’ म्हणाला आणि दुसरा ‘पुरेसा नाही’ म्हणाला, तर ते एकमेकांना खोडत आहेतच असे नाही. याकोबाच्या पत्रातले २:२४ (केवळ विश्वासाने नव्हे, कृत्यांनी) आणि रोमकरांस पत्रातले ३:२८ (कृत्यांवाचून, विश्वासाने) एकमेकांपुढे धरून शतकानुशतके जी भांडणे झाली, त्यांत हा भेद बहुधा हरवलेला असे.

सुधारकांची बाजूही एकसंध नव्हती. १५२९ मध्ये मारबुर्गला त्यांच्यातलेच दोन गट बसले. १५ पैकी १४ कलमांवर जमले, पण भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते का यावर जमले नाही. अर्भकांना बाप्तिस्मा देऊ नये म्हणणाऱ्या गटाचा तर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सत्तांनी सारखाच छळ केला.

आज ज्या गोष्टींवरून वाद सर्वांत तापतो, त्यांतल्या कित्येक सोळाव्या शतकात सिद्धांत म्हणून घोषित झालेल्याच नव्हत्या. मरियेचा निष्कलंक गर्भसंभव, म्हणजे ती आईच्या उदरात आल्यापासूनच मूळ पापाच्या डागाविना होती हा सिद्धांत, १८५४ मध्ये घोषित झाला. श्रद्धा आणि नीती यांविषयी पोपनी आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने दिलेला निर्णय अचूक असतो, हे १८७० मध्ये ठरले. मरियेचे सदेह स्वर्गारोहण १९५० मध्ये. तिन्हींच्या मागे जुनी भक्ती आणि जुनी परंपरा आहे, हे खरे. पण ‘हे न मानणारा श्रद्धेपासून दूर गेला’ अशी अट शंभर वर्षांच्या आत तीनदा वाढली, हेही तितकेच खरे. आणि मरियेविषयीच्या दोन सिद्धांतांचा शास्त्रातला थेट आधार दाखवा, हा इतर पंथांचा आग्रह मला रास्त वाटतो. कॅथलिक उत्तर असे की शास्त्र चर्चच्या कुशीत जन्मले आणि तिथेच वाचायचे असते. इथे वाद मरियेपुरता राहत नाही. शास्त्राचा अर्थ अंतिमतः कोण सांगणार, हाच तो वाद होतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. इतर पंथीयांना त्यात ‘विभक्त झालेले बंधू’ म्हटले होते. सर्व सिद्धांत श्रद्धेच्या पायाशी सारख्याच अंतरावर नसतात, सत्यांनाही क्रम असतो, हे त्यात नोंदले गेले. पोपच्या १९२८ च्या पत्रकात कॅथलिकांना ऐक्यसभांपासून दूर ठेवण्यात आले होते. त्या तुलनेत हे वळण फार मोठे होते. १९६७ मध्ये लुथरनांशी अधिकृत संवाद सुरू झाला. १९८० च्या दशकात जर्मनीत दोन्हीकडच्या अभ्यासकांनी सोळाव्या शतकातले निषेध एकेक करून तपासले. आजच्या शिकवणुकीला त्यांतले किती लागू पडतात, एवढाच प्रश्न त्यांनी समोर ठेवला.

याच अभ्यासांवर ऑग्सबर्गचा १९९९ चा जाहीरनामा उभा राहिला. त्यात ४४ परिच्छेद आहेत. पंधराव्यात गाभा येतो: केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आणि आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो, पवित्र आत्मा आपली हृदये नवी करतो आणि सत्कृत्यांसाठी आपल्याला सज्ज करतो. मग प्रत्येक कठीण मुद्द्यावर आधी समान भूमिका, नंतर लुथरन शब्दांत तिची मांडणी, नंतर कॅथलिक शब्दांत. भाषा वेगवेगळी ठेवूनही मूळ सत्य एकच असू शकते, ही या पद्धतीची धारणा.

१९९८ मध्ये हे सगळे कोसळायच्या बेतात आले. आधी जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनी मसुद्याला जाहीर विरोध केला. फार सोडून दिले आहे, असे त्यांचे म्हणणे. तरी महासंघाने जूनमध्ये मान्यता दिली. लगोलग २५ जूनला रोमचे उत्तर आले. त्यात समाधान होते आणि दोन बोचऱ्या हरकतीही होत्या. पहिली हरकत ‘एकाच वेळी नीतिमान आणि पापी’ या लुथरन सूत्राला. बाप्तिस्म्यानंतरही माणसात पापाकडचा ओढा उरतो, हे दोघांना मान्य आहे. लुथरन त्या ओढ्यालाच पाप म्हणतात. ट्रेंटने १५४६ मध्ये ठरवले होते की तो पापातून येतो आणि पापाकडे नेतो, पण माणूस त्याला वश होत नाही तोवर ते खऱ्या अर्थाने पाप नव्हे. दुसरी हरकत अशी की महासंघाने मिळवलेल्या संमतीला लुथरन समाजात नक्की किती अधिकार आहे? पुन्हा तोच प्रश्न. लुथरन चर्चेसमध्ये ठराव सभागृहांतून आणि धर्मसभांतून होतात. एका पदाने ‘हो’ म्हटले की सगळ्यांनी म्हटले, अशी त्यांची रचना नाही.

वर्षभराच्या खटपटीनंतर एक पुरवणी जोडली गेली. तिच्यातले एक विधान मला या साऱ्या इतिहासात विलक्षण वाटते. नीतिमान ठरणे ‘केवळ कृपेने’ होते आणि ‘केवळ विश्वासाने’ माणूस कृत्यांवाचून नीतिमान ठरतो, या शब्दांखाली रोमने सही केली. नववे निषेधकलम ज्या शब्दांविरुद्ध लिहिले गेले, तेच हे शब्द. ट्रेंटचे निषेध मागे घेतलेले नाहीत. जाहीरनाम्यात मांडलेली लुथरन शिकवण त्यांच्या कक्षेत येत नाही, एवढेच म्हटले आहे. पुराणमतवादी लुथरन आणि अनेक इव्हँजेलिकल मंडळी हाच मुद्दा उचलून हे शब्दांवरचे एकमत ठरवतात. मला तसे वाटत नाही. इतकी वर्षे वाक्यन् वाक्य तपासून दिलेली सही हा खराखुरा निर्णय आहे, आणि त्याला सामान्य विश्वासी लोकांत मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही, याची खंत वाटते. पुढे मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये, विटेनबर्गलाच, या जाहीरनाम्याला आपली जोड दिली. अँग्लिकनांनी २०१६ मध्ये त्याच्या आशयाचे समर्थन केले.

सहीनंतरचे महिने मात्र सोपे नव्हते. दोन महिन्यांच्या आत रोममध्ये २००० च्या महोत्सवी वर्षाचे दार उघडले आणि त्यासोबत विशेष दंडमाफीही होती. ज्या विषयापासून १५१७ मध्ये सुरुवात झाली, तोच विषय. २००० मध्येच व्हॅटिकनच्या सैद्धांतिक विभागाने जाहीर केले की ज्या समाजांनी बिशपपदाची अखंड परंपरा आणि प्रभुभोजनाचे संपूर्ण रहस्य राखलेले नाही, ते खऱ्या अर्थाने ‘चर्च’ नव्हेत. नुकतीच सही केलेल्यांना ते किती लागले असेल, हे सांगायला नको.

बायबल मानणारे सगळेच पंथ या संवादात बसत नाहीत. पेंटेकॉस्टलांशी १९७२ पासून चर्चा चालू आहे. बाप्टिस्टांशी मतभेद आहेत, पण त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) एकमत आहे. त्रैक्यच न मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांच्या बाबतीत समान पायाच राहत नाही. मॉर्मन चर्चमधला बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्णय रोमने २००१ मध्ये दिला. बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चमधला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानते आणि पुन्हा देत नाही.

म्हणजे बाप्तिस्मा समान, नीतिमान ठरण्याचा गाभा समान, पण भोजन समान नाही. १९६४ च्या दस्तऐवजातच याचे कारण नोंदलेले आहे: विभक्त समाजांत धर्मगुरुपदाच्या दीक्षेत उणीव आहे, म्हणून प्रभुभोजनाचे संपूर्ण सत्य तिथे राखले गेलेले नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या दोन्ही बाजूंच्या अभ्यासगटाने एकमेकांच्या भोजनात सहभागी होणे धर्मशास्त्रदृष्ट्या समर्थनीय असल्याचे मत दिले. सप्टेंबर २०२० मध्ये रोमहून नकार आला: प्रभुभोजन आणि धर्मगुरुपद यांच्या आकलनातले फरक अजून इतके वजनदार आहेत की तूर्त असा सहभाग शक्य नाही.