कराटेचा ठोसा आणि लहान मेंदू

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की लातूर असो की परभणी, विजेच्या खांबांवर कराटे शिबिरांचे फलक लटकू लागतात. यंदा एकावर वाचलं, ‘शरीर, मन आणि आत्मा एकरूप करा’. आत्मा कुठल्याच प्रयोगशाळेत मोजता येत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू. शरीर आणि मन एकत्र येतं म्हणजे काय होतं, हे मात्र बऱ्यापैकी कळलंय.

२०१२ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी १२ ब्लॅक बेल्टवाले आणि नियमित व्यायाम करणारी, पण कराटे न शिकलेली १२ माणसं घेतली. जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ठोसा मारायला लावला. ब्लॅक बेल्टवाल्यांचा ठोसा जोरदार निघाला, यात नवल नाही. पण नुसत्या स्नायूंच्या ताकदीवर हा जोर ठरत नाही, हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. इथं फरक सापडला तो टायमिंगमध्ये. खांदा आणि मनगट यांचा वेग टिपेला पोचण्याचा मेळ ज्यांना चांगला जमला, त्यांचा ठोसा जड. बैलजोडीतले दोन्ही बैल दांडगे असले तरी एक आधी अन् दुसरा मागून ओढू लागला की गाडी नुसती हिसके खाते, तसंच हे.

मेंदूच्या स्कॅनमध्येही फरक दिसला, तो लहान मेंदूकडून निघणाऱ्या तंतूंमध्ये. डोक्याच्या मागे, तळाशी असलेला हा भाग नावालाच लहान. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज इथंच कोंबलेल्या आहेत. त्यांतल्या पर्किंजे पेशी म्हणजे माझा जीव की प्राण! अशा एकेका पेशीवर समांतर तंतूंच्या लाखभर तरी जोडण्या असतात. हात कुठं आहे, कंबर किती वळली, हुकूम काय सुटला, ही सगळी खबर त्यांतून येते. शिवाय प्रत्येक पेशीला वेढून बसलेला एकच आरोही तंतू असतो. हालचाल चुकली की तो संदेश सोडतो, आणि नेमके तेव्हा जे समांतर तंतू जागे होते त्यांच्या जोडण्या ढिल्या पडतात. पर्किंजे पेशीचं काम पुढच्या केंद्रकांना, म्हणजे लहान मेंदूतून हुकूम बाहेर धाडणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना, दाबून धरण्याचं. जोडणी ढिली पडली की तो दाब त्या क्षणापुरता उतरतो आणि पुढच्या खेपेला हुकूम वेळेवर सुटतो. जपानच्या मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये हे ढिलं पडणं प्रयोगातून दाखवलं. म्हणजे इथं शिकण्यात जोडणी घट्ट करण्याइतकंच सैल करण्याला महत्त्व!

म्हणून ‘कायला रोज तेच ते करून घेतात?’ असं विचारणाऱ्या पालकांनी जरा दम धरावा. चूक दाखवून पुन्हा पुन्हा करून घेतलेला तोच ठोसा या पेशींना हवा असतो. अर्थात, सरावानं मेंदू बदलला की तसा मेंदू असलेलेच कराटेत टिकले, हे नुसत्या त्या स्कॅनवरून ठरत नाही.

राहिलं स्नेहसंमेलनात कौलं फोडणं. त्यामागे प्राणशक्ती असल्याचं माईकवरून सांगतात. जवळ जाऊन बघा, प्रत्येक दोन कौलांमध्ये बोटभर फट ठेवलेली असते. त्यामुळे वरचं फुटून खालच्यावर आदळतं आणि चळत एकेक करत फुटते. त्या फटी काढून, कौलं एकमेकांना चिकटवून ठेवायला सांगा आणि मग प्राणशक्तीला बोलवा.