युक्रेनची जुनी चित्रं उदास का दिसतात?

'युक्रेनच्या सुरुवातीच्या आधुनिक चित्रांत उदासी आहे, कारण त्या चित्रकारांनी महायुद्ध आणि दुष्काळ भोगला,' असं अनेकदा वाचायला मिळतं. त्या देशाने जे सोसलं ते पाहता हे सहज पटतं.

पण आधी चित्राचं साल पाहावं. ओलेक्सांद्र मुराश्को यांची 'लाल टोपीतली मुलगी' १९०२-०३ ची: गडद पार्श्वभूमी, भडक टोपी आणि तिच्याखाली विचारात बुडालेला चेहरा. पहिलं महायुद्ध १९१४ चं, मोठा दुष्काळ १९३२-३३ चा. मुराश्को तर १९१९ मध्येच गेले.

मग ही उदासी कुठली? त्या काळी पॅरिस, म्युनिक, पोलंडमधलं क्राको सगळीकडेच अंतर्मुख चेहरे रंगवण्याची ओढ होती, आणि युक्रेनचे अनेक चित्रकार तिथेच शिकत होते.

दुसरी खूण मला जास्त बोलकी वाटते: त्याच चित्रकाराची सगळी चित्रं उदास नाहीत. मुराश्कोंचंच १९०६ चं 'कॅरोसेल' शेजारी ठेवा: जत्रेतला गोल फिरणारा पाळणा, रंगीबेरंगी पोशाखातल्या तरुणी. 'शुभवार्ता'मध्ये (१९०७-०८) तर मेरीला येशूच्या जन्माची वार्ता द्यायला देवदूत पडदा सारून येतो, पण नजर खिळते ती पडद्यातून झिरपणाऱ्या उजेडावर. कोणत्याही चित्रकाराची चित्रं अशी सालवार लावून पाहा, हे घरबसल्या पडताळता येतं.