'नून' बारा वाजता कसा आला?

इंग्रजीत दुपारच्या बाराला म्हणतात तो 'नून' हा शब्द मुळात दुपारी तीनच्या सुमाराचा. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त असे दिवसाचे बारा भाग पाडत. त्यातला नववा तो 'नोना होरा'. (हा होरा आपल्या पंचांगातलाच. ग्रीकमधून तो लॅटिनमध्येही गेला आणि संस्कृतातही आला.) दिवस लहानमोठा होई तसा हा तासही आखडे नि ताणला जाई. लंडनमध्ये भर उन्हाळ्यात असा एक तास आजच्या ८० मिनिटांच्या पुढे जातो, ऐन हिवाळ्यात ४० मिनिटांवर येतो.

ख्रिस्ती मठांमध्ये नवव्या तासाला प्रार्थना असे आणि उपासाच्या काळात ती झाल्यावरच जेवण. मग भुकेल्या साधूंनी प्रार्थनाच अलीकडे ओढली, असं रंगवून सांगतात. हे साधूंवर अन्यायाचं वाटतं. मठाबाहेरही 'नून' म्हणजे दुपारचं जेवण असा अर्थ रुळला होता. दुपारच्या फराळाचा 'नंचन' हा शब्दही त्याच्यातूनच निघाला. माझ्या मते शब्द जेवणाला चिकटला आणि जेवण जिकडे सरकलं तिकडे गेला. चौदाव्या शतकापर्यंत तो मध्यान्हावर स्थिरावला होता.

त्याच सुमारास यांत्रिक घड्याळं आली. 'क्लॉक' म्हणजे मुळात घंटा. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमधल्या जुन्या घड्याळाला तबकडीच नाही, ते फक्त ठोके देतं. आपल्याकडेही तेच: 'तास' म्हणजे आधी वाजवायची काशाची थाळी, आणि अजूनही आपण 'किती वाजले' असंच विचारतो.

मिनिट आणि सेकंद मात्र खगोलाच्या गणितातून आले. साठ भाग केल्यावरचा 'पहिला बारीक भाग' ते मिनिट, त्याचेही साठ केल्यावरचा 'दुसरा बारीक भाग' तो सेकंद. १९६७ साली सेकंदाची व्याख्या सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर बसवली गेली.

एवढी अचूकता आली, तरी दुपारच्या बाराचा घोळ तसाच आहे. 'एएम' म्हणजे मध्यान्हापूर्वी, 'पीएम' म्हणजे मध्यान्हानंतर. खुद्द मध्यान्ह दोन्हींत बसत नाही. '१२ पीएम' वाचून कुणी दुपार समजतो, कुणी मध्यरात्र. त्यामुळे जिथे चूक परवडत नाही तिथे '१२ नून' असंच छापतात.